रोलाला लावलेलं खोबरेल

रसवंतीच्या दारात फिरणारा उसाचा चरक तुम्ही पाहिलाच असेल, मित्रांनो. त्याच्यात अख्खा ऊस जातो आणि पलीकडून चिपाड बाहेर पडतं. मी त्या चरकाची लांबची बहीण. पण माझी रीत त्याच्या उलटी. माझ्या दोन रोलांमध्ये वरून धातूची भुकटी पडते, पिठासारखी, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. आणि खालून सबंध पत्रा उतरतो. विस्कटलेलं आत घ्यायचं आणि अख्खं करून बाहेर द्यायचं, याच कामात माझा जन्म गेला. आता मी म्हातारी झाले. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, एका लहानशा शेडच्या कोपऱ्यात, अंगावर ताडपत्री घेऊन उभी आहे. ताडपत्रीवर चिमण्या उतरतात, इकडचं तिकडचं बोलून उडून जातात. आज तुम्ही आलात, म्हणून माझी गोष्ट सांगते.

माझा सांगाडा कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत ओतला गेला. ओलसर काळ्या वाळूच्या पोटात लाल लोखंड शिरलं आणि गार होता होता त्याची मी झाले. माझे दोन रोल मात्र पोलादाचे. त्यांना तापवून, थंड करून, पुन्हा तापवून कडक केलं आणि मग कितीतरी दिवस घासलं. सहाणेवर चंदन उगाळावं तसं, घाई न करता. शेवटी त्यांच्यात माणसाचा चेहरा दिसायला लागला, तेव्हा मला पोत्यांत गुंडाळून ट्रकमध्ये चढवलं. मी इथं उतरले तेव्हा या शहराच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं होतं. आता छत्रपती संभाजीनगर लिहितात. माझ्या पायाशी ठोकलेल्या पितळी पट्टीवर जुनंच नाव राहिलं आहे. ते बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला आणलं पुंडलिकरावांनी. ते गंगापूरकडच्या ऊसवाल्या घरातले. शिकून इंजिनिअर झाले आणि शेती भावावर सोपवून इथं शेड घातलं. पाहुणे आले की मला दाखवून ते म्हणायचे, हा माझा उलटा चरक. पाहुणे हसायचे. मग पुंडलिकराव एका वाटीत तांब्याची लालसर भुकटी घ्यायचे, दुसऱ्या वाटीत ग्राफाइटची काळी, आणि मास्तरांसारखे समजावून सांगायचे.

तुम्हालाही सांगते. तांबं वितळवून त्यात ग्राफाइट टाकलं, तर ते दुधावरच्या सायीसारखं वर तरंगत राहतं. तांब्यात ते मिसळतच नाही. कितीही ढवळा, दोघं वेगळी ती वेगळीच. पण दोघांची भुकटी करा, नीट कालवा, माझ्या रोलांमधून दाबून काढा आणि मग भट्टीत तापवा, तांबं वितळणार नाही इतपतच. तांब्याचा कण शेजारच्या कणाचा हात धरतो, आणि ग्राफाइट त्यांच्या मधल्या जागेत सुखानं बसून राहतं. कुणी आपला स्वभाव सोडत नाही, तरी पत्रा एक होतो. जिथं वीजही वाहायला हवी आणि घासून झीजही व्हायला नको, तिथं असला पत्रा लागतो. तुमच्या गावात फिरणाऱ्या एखाद्या मोटारीच्या पोटात माझ्या हातची पट्टी असेलही. मोटारीला ते ठाऊक नसेल, मला मात्र उगीच बरं वाटतं.

मला चालवायचे राजकुमार. भावसिंगपुऱ्याहून सायकलवर यायचे, पुढं स्कूटरवर यायला लागले. अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. सकाळी आले की आधी माझ्या रोलावर हाताची मागची बाजू टेकवायचे, आई लेकराचा ताप बघते तशी. मग स्पिरिटनं रोल पुसायचे. माझे रोल अगदी कोरडे लागतात, मित्रांनो. कोरडे असले तरच ते भुकटीला धरून आत ओढतात. जरा कुठं ओशटपणा राहिला की भुकटी घसरते, आणि पत्र्याला भेगा पडतात.

माझ्यातून उतरलेली पट्टी भट्टीत जाईपर्यंत कच्ची असते. वाळत घातलेल्या पापडासारखी. जरा धक्का लागला तर तुकडे. सुरुवातीला ती उचलताना पुष्कळ मोडायची. मग आल्या द्वारकाबाई. त्या मूळच्या पाचोडच्या, मुकुंदवाडीत भाड्यानं राहायच्या. झाडलोटीला म्हणून आल्या होत्या. एक दिवस माणूस कमी पडला, तेव्हा त्यांनी पट्टीखाली पातळ पत्र्याची पाटी सरकवली, आणि थापलेली भाकरी परातीतून तव्यावर न्यावी तशी ती पट्टी भट्टीपर्यंत नेली. त्या दिवसापासून ते काम त्यांचंच झालं. चालता चालता त्या गुणगुणायच्या. कुठली ओवी म्हणून विचारलं तर म्हणायच्या, आत्ताच जुळली.

दळाया उभी ऱ्हायले, जातं उलटं फिरलं
पिठाचं गं बाई, अख्खं पान उतरलं

भट्टीवर फकिरा असायचा. तो फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचा आणि एसटीतल्या साऱ्या बातम्या शेडमध्ये आणून ओतायचा. मला 'म्हातारी' हे नाव त्यानंच ठेवलं, तेही मी चांगली तरणी असताना. डबा गरम राहावा म्हणून तो भट्टीच्या कडेला ठेवायचा, आणि डब्याचं झाकण काळं पडलं की बायको बोलते म्हणून राजकुमारांपाशी गाऱ्हाणं करायचा.

असे ते दिवस होते. माझ्या आवाजावर त्यांचं बोलणं चालायचं आणि त्यांच्या बोलण्यावर माझा दिवस. चहाला मला बंद करायचे, तेव्हा रोल ऊनऊन असायचे. थंडीत द्वारकाबाई त्यांच्याजवळ हात शेकून घ्यायच्या, पण बोट कधी लावायच्या नाहीत.

दरवर्षी खंडेनवमीला आमची पूजा व्हायची. शेड धुवायचं, हार आणायचे, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. राजकुमार पूजेत नसायचे. त्यांचं दसऱ्याचं काम वेगळं. बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी धम्मचक्र दिनासाठी पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमायची, तिथं ते आदल्या दिवसापासून पाणी वाटायला जायचे. पण जायच्या आधी माझी साफसफाई ते स्वतः करायचे. इतकी लख्ख, की दुसऱ्या दिवशी हार घालणाऱ्याला पुसायला धूळ सापडायची नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. फकिरा म्हणायचा, राजूभाऊ अंघोळ घालतात अन् आम्ही नुसतं कुंकू लावतो, कष्टाचं काम त्यांच्याकडंच.

मग एक वर्ष असं आलं की काम आटत गेलं. मोठ्या गावात मोठ्या मशीन आल्या. आमच्या पट्ट्या घेणारे एकेक करून गप्प झाले. शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं सांगितलं, आम्हाला आणखी पातळ पत्रा हवा आहे, दसऱ्यानंतर नमुना दाखवा. पुंडलिकरावांनी सगळ्यांना माझ्याजवळ बोलावलं आणि सरळच सांगितलं. नमुना उतरला तर शेड चालेल. नाही उतरला तर म्हातारीला भंगारात काढायचं आणि कुलूप लावायचं. बोलताना त्यांचा हात माझ्या खांबावर होता. तो हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

त्या खंडेनवमीला राजकुमार नेहमीसारखे रोल स्पिरिटनं पुसून लेण्यांकडं गेले. सकाळी द्वारकाबाई सगळ्यांच्या आधी आल्या. शेडात मी आणि त्या, दोघीच. त्यांनी पदराखालून एक छोटी बाटली काढली. घरी नवमीला त्या खुरपं, विळा, कुऱ्हाड धुऊन त्यांना तेल लावत, गंज चढू नये म्हणून. पाऊस नुकता सरला होता, हवा दमट होती, मी चार दिवस बंद राहणार होते. त्यांनी खोबरेल तळहातावर घेतलं आणि माझ्या दोन्ही रोलांना चोळलं. किती मायेनं चोळलं म्हणून सांगू. माझ्या अंगाला तोवर स्पॅनर लागले होते, हातोडे लागले होते. असा हात कधी लागला नव्हता. "एवढ्या बारीला राख आमाला, बाई," त्या हळूच म्हणाल्या. मग डाग दिसू नये म्हणून कोरड्या फडक्यानं रोल चकचकीत पुसले, कुंकवाचं बोट लावलं आणि बाटली पुन्हा पदराखाली घेतली.

मला सगळं कळत होतं. पण मला वाचा कुठं होती?

दसरा झाला. राजकुमार आले, रोल बघितले. ते लख्खच दिसत होते. आपणच पुसले होते म्हणून त्यांनी नुसतं फडकं फिरवलं आणि भुकटी सोडली. आणि माझी फजिती सुरू झाली. एका जागी भुकटी रोलाला चिकटून बसे, दुसऱ्या जागी घसरून जाई. पट्टी उतरली ती कडेला कुरतडल्यासारखी, मध्ये भेगाळलेली. जे दोन तुकडे धड निघाले, ते भट्टीतून बाहेर आले तर अंगावर फोड. भाजल्यासारखे.

राजकुमारांनी भुकटी वाळवून घेतली. रोलांमधली फट कमीजास्त केली. वेग उतरवला. रोल तर आपणच पुसलेले, म्हणून त्यांची शंकाच आली नाही. मी आपली तीच तीच भेगाळ पट्टी देत राहिले. पुंडलिकराव म्हणाले, भुकटीच खराब आली असेल. फकिरानं वातावरण हलकं करावं म्हणून टोमणा मारला, "राजूभाऊ, तुमच्या हाताचा हार कधी पडत नाय, म्हून म्हातारी रुसली जणू."

"मशीन रुसत नसती, फकिरा," राजकुमार म्हणाले. "ती काहीतरी सांगत असती. आपल्याला ऐकू येत नाय, एवढंच."

त्यांना हे म्हणताना ऐकलं आणि माझ्या लोखंडाला लोखंड असल्याचा राग आला. मी सांगतच तर होते, मित्रांनो. प्रत्येक भेगेतून सांगत होते.

दुपारी द्वारकाबाई एक तुकडा घेऊन भट्टीपाशी उभ्या होत्या. फकिरा नाक वर करून म्हणाला, मावशी, आज भट्टीतून तळणाचा वास येतोय, कुणी चिवडा करतंय का काय आत? मग त्यालाच आपला डबा आठवला. बायकोनं भज्याचं तेल सांडलं असंल, असं म्हणून तो डबा पुसायला लागला. हसला तो एकटाच. द्वारकाबाई पाटी धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना तो वास ओळखू आला होता.

त्या काही बोलल्या नाहीत. कशा बोलतील? मशीन बिघडवली म्हणून काम जाईल, आणि सगळ्यांचं पोट आपल्यामुळं बुडालं असं शेडभर होईल. त्या केरसुणी घेऊन उगीच झाडलेलंच पुन्हा झाडत राहिल्या.

संध्याकाळच्या चहाला पुंडलिकराव आले. डब्याच्या तळाशी एकाच पट्टीपुरती भुकटी उरली होती, आणि नवी मिळेपर्यंत मुदत टळून जाणार होती. राजकुमारांनी पाना खाली ठेवला. हात पुसले. आणि मी त्यांच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"साहेब, माझाच हात गेला आता. नजर बी राहिली नाय. शेवटची पट्टी दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. म्हातारीचा दोष नाय."

पुंडलिकराव उठले. कप तसाच ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. फकिरा भट्टीकडं बघत बसला. राजकुमार माझ्याकडं पाठ करून शर्टाच्या बाह्या खाली सोडायला लागले, बटणं लावायला लागले; माणूस घरी निघताना करतो तसं.

द्वारकाबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"भाऊ, हात नाय गेला तुमचा."

राजकुमार वळले.

"तेल लावलं मी रोलाला. नवमीला. खुरप्याला लावतो तसं. अन् डाग दिसू नये म्हून पुसून काढलं."

राजकुमारांनी रोलावर बोट फिरवून नाकाशी नेलं. मग विचारलं, "खोबरेल?"

"व्हय. घरचंच."

"लई लावलं?"

"तळहातभर. गंज चढंल म्हून..."

राजकुमार जवळच्या स्टुलावर खाली बसले. मला वाटलं आता ते चिडतील. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत होते. डोळे पुसत हसत होते. "द्वारकाबाई," ते म्हणाले, "सकाळधरनं मी सवताला म्हातारा करून घरी बसवलं होतं. तुमी तर नुसत्या तेलावर सोडवलं मला."

"सायबांना सांगते मी. कामावरनं काढलं तर काढू द्या."

"सांगा. पण आधी रोल धुऊ. मग काय सांगायचं ते पट्टी हातात घेऊन सांगा."

दोघांनी मिळून मला धुतलं. एका रोलाला ते, एका रोलाला त्या. स्पिरिटचं फडकं काळं झालं की नवं घ्यायचं. मग अगदी बारीक एमरी पेपरनं हलकेच घासलं, पुन्हा पुसलं. राजकुमारांनी द्वारकाबाईंना हाताची मागची बाजू रोलावर टेकवून कसं बघायचं ते दाखवलं. त्यांनी हात टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, आता लागतंय खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं. राजकुमारांनी बाह्या पुन्हा वर सारल्या.

उरलेली भुकटी नरसाळ्यात ओतली. माझी मोटर सुरू झाली. मी जन्मात इतक्या जपून फिरले नसेन. भुकटी खाली आली, रोलांनी तिला धरलं, आणि मला कळलं की या वेळी ती घसरत नाही. काळसर तांबूस पट्टी उतरायला लागली. कडा सरळ, पोट सबंध. राजकुमार श्वास रोखून वाकले होते. द्वारकाबाईंनी खाली पाटी सरकवली, पट्टी घेतली आणि भट्टीकडं निघाल्या. त्या वेळी त्या गुणगुणत नव्हत्या. फकिरानं डबा उचलून कुठल्या कुठं ठेवला होता आणि देवळाचं दार उघडावं तसं भट्टीचं दार उघडून उभा होता.

पट्टी गार होऊन बाहेर आली तेव्हा तिच्यावर एकही फोड नव्हता. राजकुमारांनी पुन्हा एकदा मला फिरवून ती आणखी पातळ लाटली, मग कडेचा तुकडा कापून एका नळीभोवती वाकवला. भेग पडली नाही. द्वारकाबाईंनी ती पट्टी दोन्ही हातांवर घेतली आणि अजून बाहेरच येरझारा घालणाऱ्या पुंडलिकरावांपुढं जाऊन सगळं सांगितलं. तेल, फडकं, तळणाचा वास, सगळं. पुंडलिकरावांनी पट्टी दिव्याच्या उजेडात धरून इकडून तिकडून पाहिली.

"तुम्ही बोलला नसता," ते म्हणाले, "तर मी हिला उद्या भंगाराच्या गाडीत चढवलं असतं, अन् जन्मभर त्या भुकटीला नावं ठेवली असती." एवढं बोलून ते पट्टी घेऊन आत गेले. काढून टाकायची गोष्ट कुणी काढली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

नमुना उतरला. शेड चाललं.

पुढच्या खंडेनवमीला द्वारकाबाई पुन्हा सकाळी लवकर आल्या. हातात हार होता, हळदीकुंकू होतं, पण बाटली आणली नव्हती. त्या माझ्यासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या, जवळच्या माणसाशी बोलायला भीती वाटावी तशा. राजकुमार निघायच्या बेतात होते, काखेत पांढऱ्या कपड्यांची पिशवी होती. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, ग्रीसगन आणली आणि रोलांच्या दोन्ही टोकांना, जिथं ते बेअरिंगमध्ये फिरतात, तिथं बोट ठेवलं.

"इथं द्या. रोल हिचे हात हायेत, ते कोरडेच लागतात. हे खांदे. इथं हिला तहान लागती."

द्वारकाबाईंनी ग्रीसगन हातात घेतली. आधी एका खांद्याला, मग दुसऱ्याला. हळूहळू, पोटभर. मग पायाशी कुंकू लावलं. राजकुमार ते होईपर्यंत थांबले आणि मग लेण्यांकडं गेले. त्यानंतर माझ्या खांद्यांचं ग्रीस द्वारकाबाईंकडंच राहिलं, नवमीला आणि एरवीही. तांबं आणि ग्राफाइट शेजारी शेजारी कशी नांदतात हे मला कधीपासून ठाऊक होतं. माणसांतही ते तसंच असतं, हे मला त्या सकाळी दिसलं.

पुढं मी कितीतरी पत्रा लाटला. मग माझे रोल झिजले, फट सारखी धरता येईना. शेंद्र्याकडं पुंडलिकरावांनी मोठं शेड घातलं, तिथं नवी मशीन आली. तिला ग्रीस द्यावं लागत नाही, आपलं आपण पिते. राजकुमार आता घरी नातवंडांत रमले आहेत. द्वारकाबाई पाचोडला गेल्या. फकिरा मधे एकदा आला होता, ताडपत्री वर करून "काय म्हातारे" म्हणाला, आणि ती पुन्हा सारखी करून निघून गेला.

माझी तक्रार नाही. मला हातोडे मारले ते रागानं नाही आणि टाकलं तेही रागानं नाही. पण मित्रांनो, दुर्लक्षानं जितकं बिघडतं तितकंच कधी कधी न विचारता केलेल्या मायेनंही बिघडतं. तुमच्या घरातली शिलाई मशीन असो, सायकल असो, दारातलं झाड असो की दमून आलेलं माणूस असो, त्याला जीव लावताना एकदा जवळ जाऊन बघा, तहान नेमकी कुठं लागली आहे. आणि आपलं चुकलं असं कळलं तर द्वारकाबाईंसारखी केरसुणी भिंतीला टेकवून बोला. त्यानं समोरच्याचे गेलेले हात परत येतात, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

माझं मागणं फार नाही. जाताना ताडपत्री नीट सारखी करा. आणि तुमच्यापैकी कुणाला कधी सवड झाली, तर माझे रोल कोरडे ठेवा आणि खांदे ओले ठेवा. मग कुणी नुसत्या हातानं ढकललं, तरी मी फिरेन.